उसन्या शेअरवरची मंदी

भाव पडेल या अंदाजाने हाती नसलेला शेअर आधी विकायचा आणि पुढे स्वस्तात घेऊन भरपाई करायची, याला शॉर्ट सेलिंग म्हणतात. विकलेला शेअर खरेदीदाराला द्यावाच लागतो, म्हणून तो कोणाकडून तरी उसना घेतला जातो. अमेरिकेत हा साठा बराचसा ब्रोकरांकडच्या मार्जिन खात्यांतून येतो. अशा खात्याच्या करारातच ब्रोकरला शेअर उसने देण्याची मुभा असते. पुष्कळ खातेदारांना ती ठाऊकही नसते. उसने देणारा आपला शेअर केव्हाही परत मागू शकतो. मंदीवाल्याचे खरे दुखणे इथे आहे.

5 डॉलरांखालच्या सट्टेबाज शेअरांत, म्हणजे पेनी स्टॉकमध्ये, ते अधिकच बळावते. तेथे दर शेअरमागे अडीच डॉलर किंवा पूर्ण बाजारभाव, यांतले जे मोठे तेवढे मार्जिन किमान ठेवावे लागते. 50 सेंटांच्या शेअरवर अडीच डॉलर अडकतात आणि नफा फार तर 50 सेंट. शिवाय उसनवारीचे शुल्क. मागणी असलेल्या दुर्मीळ शेअरांवर ते वर्षाला 100 टक्क्यांच्याही वर जाते, आणि चालू भावावर रोज आकारले जात असल्याने भाव चढला की तेही वाढते.

कॅलोबायोस या औषध कंपनीचे उदाहरण यासाठी नीट पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर 2015 मध्ये पैसे संपत आल्याने कंपनीने गाशा गुंडाळण्याचे जाहीर केले. शेअर 2 डॉलरांच्या आसपास आला आणि मंदीवाल्यांना शून्य दिसू लागले. तेवढ्यात गुंतवणूकदार मार्टिन श्क्रेली यांच्या गटाने सुमारे 70 टक्के शेअर उचलले. काही दिवसांत भाव 20 डॉलरांच्या पार गेला. पुढे श्क्रेली यांनी आपले शेअर उसने देणे थांबवल्याचे जाहीर केले, तेव्हा मंदीवाल्यांची आणखीच कोंडी झाली. 2 डॉलरला 1,000 शेअर विकणाऱ्याला जास्तीत जास्त 2,000 डॉलर मिळणार होते. 20 डॉलरला शेअर घेऊन सौदा कापताना 18,000 गेले. डिसेंबरात श्क्रेली यांना जुन्या व्यवहारांवरून अटक झाली आणि महिनाअखेर कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनीविषयीचा अंदाज बरोबर होता, तरी आधीच कापावे लागलेल्यांचे पैसे परत आले नाहीत.

दुसऱ्या बाजूला, अशा शेअरांचे धारक पडत्या भावाचा सगळा दोष मंदीवाल्यांवर टाकतात. विक्रीची ऑर्डर फार चढ्या भावाला लावून ठेवली की आपले शेअर उसने जात नाहीत, अशी समजूत त्यांच्यात पसरलेली आहे. ती चुकीची आहे. शेअर पूर्ण पैसे भरून रोख खात्यात ठेवले, तर मात्र संमतीशिवाय ते देता येत नाहीत. भाव पाडण्यात पुष्कळदा कंपनीचाच हात मोठा असतो: पैशाच्या ओढीने ती बाजारभावाहून स्वस्त शेअरांत बदलता येणारे रोखे काढते, आणि ते रोखेधारक मिळालेले शेअर बाजारात ओततात. संचालक याबद्दल क्वचितच बोलतात.

मुंबई शेअर बाजाराला उसनवारी नवी नाही. सौद्याची पूर्तता पुढे ढकलण्याच्या बदला पद्धतीत शेअरची टंचाई झाली की मंदीवाला ताबा पुढे ढकलण्यासाठी खरेदीदाराला उलट पैसे देई. तो उंधा बदला. जुलै 2001 मध्ये बदला बंद झाला. 2008 पासून शेअर उसने देण्याघेण्याची रीतसर व्यवस्था आहे. मात्र सेबीच्या नियमांप्रमाणे शॉर्ट सेलिंग वायदे व्यवहारांतल्या शेअरांपुरतेच आहे. किरकोळ भावाचे बहुतेक छोटे शेअर त्याबाहेर राहतात. त्यांतले अनेक तर सक्तीच्या डिलिव्हरीच्या गटात असतात, म्हणजे सकाळी विकून संध्याकाळी घेण्याचीही सोय नाही. कॅलोबायोससारखी कोंडी टळते, हे खरे. पण ऑपरेटरने चढवलेल्या भावाविरुद्ध पैसे लावणाराही तेथे कोणी नसतो. म्हणून अशा शेअरचा भाव रोज वरच्या सर्किटला लागतो, यावरून तो कोणी पारखून घेतला आहे असे खरेदीदाराने समजू नये.