नेमातली हिंसा, नेमातली दया

इंग्लंडच्या 1954 सालच्या पेस्ट्स अ‍ॅक्टमध्ये दोन कलमं एकत्र नांदतात. एका कलमानुसार जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याने हद्दीतले रानससे मारायचे; ते जमण्यासारखं नसेल तर निदान त्यांच्याकडून होणारी नासाडी रोखायची. दुसऱ्या कलमानुसार मिक्सोमॅटोसिस झालेला ससा वापरून तो रोग इतर सशांत मुद्दाम पसरवणं हा गुन्हा. हा रोग आदल्याच वर्षी, 1953 मध्ये, ब्रिटनमध्ये पोचला होता. त्यात सशाचे डोळे सुजून मिटत आणि मरण यायला कित्येक दिवस लागत. मारा म्हणणाऱ्या कायद्यानेच मारण्याच्या एका रीतीला मनाई केली ती अशी.

‘मारावं का’ याच्या पाठोपाठ ‘कसं मारावं’ हा प्रश्न येतोच, आणि ससे, कबुतरं, करड्या खारी टिपणाऱ्या माणसापुढे तो बंदुकीच्या दुकानात उभा राहतो: रायफलीवर दुर्बीण कोणती बसवावी?

इंग्लंडमध्ये फायरआर्म परवान्याशिवाय बाळगता येणाऱ्या एअर रायफलीची ताकद 12 फूट-पाउंडांपुरती मर्यादित असते. एवढ्या ताकदीत ससा जागीच मरायचा तर छर्रा डोक्यावर, जेमतेम इंचभराच्या जागेत बसावा लागतो. त्यामुळे जाणते नेमबाज तीस-चाळीस यार्डांपलीकडे चाप ओढत नाहीत. ससे बाहेर पडतात ते तिन्हीसांजेला. नवखा माणूस अशा वेळी जास्तीत जास्त मोठं दाखवणारी काच मागतो आणि तिथेच फसतो. 3 ते 9 पट मोठं दाखवणारी पुढची काच 40 मिलिमीटरची असलेली दुर्बीण नऊ पटींवर ठेवली, तर डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत साडेचार मिलिमीटरचाही उरत नाही. सहा पटींवर तो साडेसहाच्या पुढे जातो. शिवाय पटी वाढल्या की हाताचा कंपही मोठा दिसतो आणि आजूबाजूचं शेत नजरेआड होतं.

दुसरी अडचण पॅरलॅक्सची. बहुतेक मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी शंभर यार्डांसाठी जुळवलेल्या असतात. तीच दुर्बीण वीस यार्डांवर वापरताना डोळा जरा बाजूला सरकला, की क्रॉसहेअर सशावरून सरकल्यासारखं दिसतं आणि छर्रा डोक्याऐवजी जबड्यात जातो. म्हणून जवळच्या अंतरावर जुळवता येणारी दुर्बीण घ्यावी लागते. स्प्रिंगच्या एअर रायफलीचा झटका मागे बसतो तसा पुढेही बसतो. तो सोसायला न बनवलेल्या दुर्बिणीचा नेम कधी ढळला ते कळतही नाही, आणि त्याची किंमत जखमी होऊन बिळात शिरलेला ससा मोजतो.

स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत यांनी 1942 मध्ये शिकारीवर लिहिताना माणसाच्या एका विलक्षण संयमाकडे बोट दाखवलं. हत्यारं सुधारत गेली तसतसा शिकारी स्वतःवर बंधनं घालत गेला, कारण जनावराला निसटायची संधीच नसेल तर ती शिकार नव्हे, नुसती कत्तल. या हिशेबाने दुर्बीण संशयास्पद ठरते. पण पीक राखणाऱ्याला खेळ मांडायचा नसतो. त्याच्या बाबतीत निसटायची संधी म्हणजे बहुधा अर्धवट जखम, आणि दया असलीच तर ती अचूकपणात असते.

मग अचूक नेमाने हिंसा हिंसा उरत नाही का? जैन विचार इतक्या सहजी सुटका देत नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्राणहरणाबरोबर प्रमादाला, म्हणजे बेसावध वृत्तीला, मध्यवर्ती स्थान आहे. न जुळवलेली दुर्बीण, न मोजलेलं अंतर, ‘लागलं तर लागलं’ म्हणून ओढलेला चाप हे सगळं त्यात येतं. पण जैन आचार ठरवून केलेली हिंसा गृहस्थालाही वर्ज्य मानतो, आणि सशावर नेम धरणं ठरवूनच होतं. सावधपणाने एक दोष टळतो, दुसरा तसाच उरतो.

1928 मध्ये साबरमती आश्रमात असाध्य दुखण्याने तळमळणाऱ्या एका वासराला गांधीजींच्या संमतीने इंजेक्शन देऊन मरण दिलं गेलं आणि गहजब झाला. उत्तरादाखल लिहिताना गांधीजींनी आश्रमाचं पीक नासणाऱ्या माकडांचाही प्रश्न काढला. वासराला मारलं ते वासरासाठी. माकडं मारली तर ती आपल्या पिकासाठी, म्हणून ती हिंसाच, असा फरक त्यांनी केला. हा फरक लावला तर इंग्लंडमधला सर्वांत नीटस छर्राही वासराच्या बाजूला जात नाही. दुर्बीण वेदना कमी करते, हेतू बदलत नाही.

तरीही ती एक पळवाट बंद करते. दशरथाने शरयूकाठी अंधारात आवाजाच्या रोखाने बाण सोडला आणि हत्तीऐवजी पाणी भरणारा मुलगा गेला. प्रभासक्षेत्री जरा नावाच्या व्याधाला कृष्णाचं पाऊल हरणासारखं वाटलं. दोघांनीही आधी मारलं आणि मग पाहिलं. काचेतून सशाचा कानन्‌कान दिसत असताना ‘मला दिसलं नाही’ हे कारण सांगता येत नाही.

अलीकडे इंग्लंडच्या शेतांत थर्मल दुर्बिणींचा वापर वाढला आहे. उष्णता टिपून त्या काळोखातला जीव ठिपक्यासारखा उजळ दाखवतात, पण लांबून तो ठिपका सशाचा की शेजारच्या मांजराचा हे नेहमी सांगू शकत नाहीत. म्हणून काही नेमबाज आधी हातातल्या वेगळ्या थर्मलने शोध घेतात, खात्री पटल्यावरच रायफल उचलतात. रोखलेल्या नळीने रान धुंडाळायचं नाही हा नियम त्यामुळे आपोआप पाळला जातो. जीव कोणता ते तरीही ठरत नसेल, तर त्या रात्री छर्रा नळीतच राहतो.