कोड, कर्म आणि प्रमाण

पांढऱ्या कोडाने सहसा वेदना होत नाहीत, जीवाला धोका पोहोचत नाही आणि स्पर्शाने ते दुसऱ्याला जडतही नाही. तरीही विवाह ठरविताना त्याची जेवढी धास्ती घेतली जाते, तेवढी अनेक गंभीर आजारांचीही घेतली जात नाही. याचे एक कारण असे की, हा डाग दिसताच त्याचे मूळ रोग्याच्या आचरणात किंवा पूर्वजन्मीच्या पापात शोधले जाते. या समजुतीला ग्रंथाधारही आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात किलास, म्हणजे कोडाशी बराचसा जुळणारा विकार, ज्या कारणांनी होतो त्यांत असत्य भाषण, कृतघ्नता, देवनिंदा, गुरूंचा अवमान, पापकर्म, पूर्वकृत कर्म आणि विरुद्ध आहार यांची गणना आहे. तेव्हा, त्वचेवरून एखाद्याच्या कर्माचे ज्ञान होऊ शकते काय, हा प्रश्न वैद्यकाइतकाच तत्त्वज्ञानाचाही ठरतो.

त्याचे उत्तर भारतीय प्रमाणशास्त्रातूनच, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या साधनांचा विचार करणाऱ्या शास्त्रातूनच, देता येते. पूर्वकर्माचा जो संस्कार पुढे फळ देतो त्याला ‘अदृष्ट’ म्हणतात. अर्थात तो प्रत्यक्षाचा विषय नव्हे. अनुमान करावे, तर न्यायदर्शनाला व्याप्ती हवी असते, म्हणजे हेतू (ज्यावरून अनुमान करायचे ती खूण) आणि साध्य (जे सिद्ध करायचे ते) यांचे कधीही न मोडणारे साहचर्य. परंतु पूर्वजन्मीचे पाप आणि आजचा डाग एकत्र कोणीच पाहिलेले नसल्याने ते साहचर्य कधी निश्चितच होत नाही. उरते शब्दप्रमाण, म्हणजे आप्तांचे, विश्वासार्ह जाणकारांचे, वचन. ते जसेच्या तसे स्वीकारले तरी, ज्या ग्रंथाने एका विकाराची अनेक कारणे सांगितली, त्याच ग्रंथाच्या आधारे डाग आहे म्हणून पापच घडले असले पाहिजे, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही.

आहाराविषयीच्या समजुतीची परीक्षा अधिक सोपी आहे. कारण असताना कार्य असणे हा अन्वय आणि कारण नसताना कार्य नसणे हा व्यतिरेक. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड येते असे म्हणावे, तर ते खाणाऱ्या बहुतेकांना कोड येत नाही आणि माशाला कधीच न शिवलेल्यांनाही येते. दोन्ही कसोट्यांवर ही समजूत टिकत नाही. आधुनिक संशोधनाप्रमाणे या विकारात शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा नाश करतात आणि त्यामागे आनुवंशिकता व परिस्थिती यांचा संयोग असतो.

उपचार निवडतानाही हीच कसोटी लागते. काही डागांत रंग आपोआप परततो, आणि त्या सुमारास जो लेप लावलेला असेल त्याला काकतालीय न्यायाने, म्हणजे निव्वळ योगायोगाने, श्रेय मिळते. म्हणूनच उपचार घेणाऱ्या गटाची तुलना तो न घेणाऱ्या गटाशी केली जाते. नियंत्रित चाचणी म्हणजे काळजीपूर्वक घडवून आणलेला व्यतिरेकच होय. स्टेरॉइडची मलमे, टॅक्रोलिमस हे औषध आणि सुमारे 311 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांचा उपचार या कसोटीवर उपयुक्त ठरले आहेत, जरी ते प्रत्येक रोग्यात सारखे लागू पडत नाहीत. चरकसंहितेनेही या विकारात औषध घेऊन सूर्यप्रकाश सेवन करण्यास सांगितले आहे, हे येथे लक्षणीय आहे. तिने सांगितलेले पापाचे कारण सिद्ध होत नाही, पण प्रकाशोपचाराची दिशा पुढे फलदायी ठरली. यावरून ग्रंथ संपूर्ण स्वीकारण्याचा किंवा संपूर्ण टाकण्याचा नसून त्यातील प्रत्येक विधान स्वतंत्रपणे तपासण्याचा असतो, असे दिसते.

रंगपेशी कशा नष्ट होतात हे वैद्यक सांगते. हे आपल्याच वाट्याला का आले, या रोग्याच्या प्रश्नाला ते उत्तर देत नाही. कर्मसिद्धांत ज्याला पटतो त्याने त्यातून स्वतःच्या पुढील आचरणाचा विचार करावा, कारण तो कर्त्याला उद्देशून आहे. दुसऱ्याच्या त्वचेवर त्याचा निवाडा वाचण्याचा अधिकार तो सिद्धांत कोणालाही देत नाही.