गुरूच्या तोंडचे शब्द

प्लेटोच्या संवादांमध्ये, म्हणजे प्रश्नोत्तरांतून विचार उलगडत नेणाऱ्या त्याच्या ग्रंथांमध्ये, बहुतेक ठिकाणी सॉक्रेटिस बोलत असतो. प्लेटो स्वतः मात्र एकदाही बोलत नाही. इ. स. पूर्व ३९९ मध्ये विषाचा पेला घेण्याआधी सॉक्रेटिसने तुरुंगात आत्म्याच्या अमरत्वावर केलेली चर्चा ‘फायडो’ या संवादात आहे, आणि त्या दिवशी प्लेटो तेथे नव्हता, बहुधा आजारी होता, असे त्याच संवादातले एक पात्र सांगते. स्वतः काहीही न लिहिलेल्या गुरूचे अखेरचे बोल गैरहजर शिष्याने लिहिले आणि पाश्चात्त्य विचार शतकानुशतके त्यांच्याशी झुंजत राहिला, हे प्रतिभेचे यश खरे; पण सॉक्रेटिस नेमके काय म्हणाला, याचा निकाल त्यामुळेच आजवर लागलेला नाही.

आपल्याला अथेन्स दूरचे असले, तरी रिद्धपूर वऱ्हाडातच, मोर्शी तालुक्यात आहे. तिथल्या परंपरेतले गुरू, महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी, यांनीही स्वतः ग्रंथ लिहिला नाही. मुळात वाद जिंकण्याच्या ईर्षेने त्यांच्याकडे आलेले पंडित म्हाइंभट पुढे शिष्य झाले, आणि नागदेवाचार्यांना व इतर प्रत्यक्षदर्शींना विचारून विचारून त्यांनी १२७८ च्या सुमारास रिद्धपुरात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. लीळा म्हणजे स्वामींच्या चरित्रातला एकेक प्रसंग. त्यांतल्या पुष्कळ लीळा कोणाच्या तरी शंकेतून उभ्या राहतात आणि शंका काढणाऱ्यांत स्वामींची शिष्या महदाइसा आघाडीवर असते. ‘फायडो’त सॉक्रेटिसची पत्नी क्सांथिपी आक्रोश करते म्हणून आरंभीच घरी धाडली जाते आणि मग तत्त्वचर्चा सुरू होते, महदाइसा मात्र समाधान होईपर्यंत हटत नाही.

मूळ पोथी धामधुमीत हरवली व शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असे महानुभाव परंपरा सांगते. स्मरणे सारखी नव्हती. तेव्हा एकच पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकण्याऐवजी हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास अशा नावांनिशी वेगवेगळे पाठ जपले गेले. पंथाला गुरुवचन हे ईश्वराचेच वचन असताना, म्हणजे एकेका शब्दावर मोक्षाची भिस्त असताना, ‘अमक्याने असे ऐकले, तमक्याने तसे’ हे लिहून ठेवायला मोठे धैर्य लागते. नाटकासारख्या रचलेल्या संवादात ही सोय नसते, आणि याचा दोष प्लेटोला देणे अन्यायाचे होईल. झेनोफोन या दुसऱ्या शिष्याला आपल्या आठवणीतला सॉक्रेटिस मांडण्यासाठी निराळे ग्रंथ लिहावे लागले. लीळाचरित्रात त्याचे म्हणणे त्याच प्रसंगाखाली, त्याच्या नावानिशी आले असते.