वाढणाऱ्याचा हात आणि आपले पोट

माउली, दिवेघाट चढण्याचा दिवस बहुधा एकादशीचा असतो. हडपसरपासून दुतर्फा उभे राहिलेले लोक प्रेमाने हातावर काही ना काही ठेवतात. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, केळी, पुन्हा खिचडी. एका वर्षी मी कोणालाच नको म्हटले नाही. अर्ध्या घाटात पोट असे फुगले की नाम घशातच अडकले. आणि म्हणे उपवास!

प्रेमाने वाढलेले नाकारावे का? अन्नाचा अपमान होईल ही भीती आपल्याला खरीच वाटते. पण गीतेच्या 15व्या अध्यायात भगवंत सांगतात की, प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन मीच अन्न पचवतो. म्हणजे ज्याच्या भेटीला आपण पंढरीस निघालो, तो आपल्या पोटातही राबतो आहे. त्याच्यावर ओल्या लाकडांचा भारा टाकणे ही कसली सेवा?

साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसते पिष्ट, चोथा नावापुरता. पिष्टाचे पचन तोंडातल्या लाळेपासूनच सुरू होते. चालता चालता गिळले की ते काम राहून जाते. पोट भरल्याची खूण मेंदूला पटायलाही पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेव्हा दोन मिनिटे बसून, चावून खावे आणि थोडी भूक ठेवून उठावे.

मी आता वाढणाऱ्याकडून प्रसाद म्हणून एकच घास घेतो आणि त्याच्या पाया पडतो. अजून कोणी रागावलेले नाही. एका आजीबाईंनी मात्र पिशवीत दोन केळी कोंबलीच. ती सासवडला पोचल्यावर, खरी भूक लागल्यावर खाल्ली.