सांबाची गंमत



आज एकनाथी भागवताचा पहिला अध्याय. अकराव्या स्कंधाचं नाव काढलं की आपल्याला उद्धवाला केलेला उपदेश आठवतो, अवधूताचे चोवीस गुरू आठवतात. पण एवढं सगळं ज्ञान ज्या दारातून आत येतं ते दार म्हणजे एक टवाळी आहे. पोरांनी केलेली गंमत. पहिला अध्याय छोटा आहे म्हणून आपण तो भरभर वाचून पुढे जातो. या वेळी मी मुद्दाम तिथेच थांबले, कारण सध्या आपल्या सगळ्यांच्या हातातल्या फोनवर दिवसातून दहा वेळा हाच अध्याय घडत असतो.

कथा आपल्याला माहीत आहे. द्वारकेजवळ पिंडारक क्षेत्री विश्वामित्र, कण्व, दुर्वास, वसिष्ठ, नारद अशी थोर मंडळी गेलेली होती. यादवांची पोरं तिथे खेळत होती. त्यांनी जांबवतीच्या मुलाला, सांबाला, लुगडं नेसवलं, पोटावर कापड बांधलं आणि ऋषींसमोर नेऊन उभं केलं. म्हणाले, ही गरोदर आहे, हिला स्वतः विचारायला लाज वाटते, तुम्हीच सांगा, हिला काय होईल? ऋषी संतापले आणि म्हणाले, हिला मुसळ होईल, आणि ते तुमच्या कुळाचा नाश करील.

यात भागवतकारांनी एक बारीक गोष्ट सांगितली आहे. पोरांच्या अंगी विनय नव्हता, पण त्यांनी विनयाचा आव आणला. ऋषींचे पाय धरले आणि मग विचारलं. म्हणजे टोमण्याच्या आधी नमस्कार! आपल्या ग्रुपवर हे चित्र रोज दिसतं. कोणाला तरी बोचेल असं वाक्य लिहायचं आणि शेवटी हात जोडल्याचं चित्र टाकायचं. आपण त्याला 'नमस्कार' म्हणतो, पण पुष्कळदा ते सांबाचं लुगडं असतं.

आता प्रश्न असा की, पोरांचा गुन्हा एवढा मोठा होता का? कोणाला मारलं नाही, लुटलं नाही. हसायचं होतं, एवढंच. 'अहो, गंमत केली होती' असं ते म्हणाले असते तर ते खोटंही नव्हतं. मग हेतू वाईट नव्हता म्हणून माणूस मोकळा होतो का?

मला वाटतं, हेतूवरून फक्त एवढंच कळतं की करणारा दुष्ट नव्हता. समोरच्याचं काय झालं याचा त्याने निकाल लागत नाही. माझ्या हातातून तांब्या निसटून कोणाच्या पायावर पडला, तर मी मुद्दाम टाकला नाही हे खरं, आणि पाय सुजला हेही खरं. पहिलं खरं सांगून दुसरं खरं पुसता येत नाही. 'गंमत होती' या दोन शब्दांचा आपण तसा उपयोग करतो, आणि वर ज्याला लागलं त्यालाच गुन्हेगार ठरवतो: तुम्हाला विनोदच कळत नाही!

समोरासमोर केलेल्या गमतीत आणि लिहिलेल्या गमतीत फरक आहे. पारावर बसून कोणी काही बोललं तर त्याचा सूर ऐकू येतो, डोळे दिसतात, आणि समोरच्याचा चेहरा पडला तर बोलणाऱ्यालाही ते तिथेच दिसतं. पडद्यावर यातलं काहीच नसतं. ही अडचण व्हॉट्सॲपच्या फार आधीची आहे. १९८२ साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावर एक सामायिक फलक होता. त्यावर कोणीतरी कोडं घातलं की, लिफ्टचा दोर तुटून ती खाली कोसळत असेल तर आतल्या जळत्या मेणबत्तीचं आणि पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल? त्यावर दुसऱ्याने थट्टेने सूचना लावली की, नुकत्याच झालेल्या प्रयोगामुळे अमुक लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काहींनी ती खरी धोक्याची सूचना समजली! मग चर्चा सुरू झाली की, गंमत ही गंमत आहे हे लिहिताना कळवायचं कसं. १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन यांनी सुचवलं की, आपल्या विसर्गासारखी दोन टिंबं, मग आडवी रेघ आणि मग कंस अशी खूण करा. मान वाकडी करून पाहिलं की हसरा चेहरा दिसतो. त्या हसऱ्या खुणेची सुरुवात अशी एका गैरसमजातून झाली. शिकल्यासवरल्या माणसांनासुद्धा नुसत्या अक्षरांवरून थट्टा ओळखता येईना, हे मला फार बोलकं वाटतं.

पुढे त्या खुणेचाही मुखवटा झाला, तो भाग वेगळा.

आमच्या सासरच्या मंडळींचा एक ग्रुप आहे. साठेक माणसं असतील. त्यात एका काकूंनी होळीला पुरणपोळीचा फोटो टाकला. काका गेल्यावर वर्षभर त्यांच्या घरात सण नव्हता. वर्षश्राद्ध झाल्यावरची ती पहिलीच होळी. पोळी एका कडेला फाटून पुरण बाहेर आलं होतं. बंगळूरच्या पुतण्याने लिहिलं, 'काकू, पोळीने राजीनामा दिलेला दिसतोय!' पुढे हसरे चेहरे आणि अर्थातच जोडलेले हात. पाठोपाठ दहा-बारा जण हसले. पोरगा मनाने चांगला आहे. काकांच्या आजारपणात रात्री जागलेला आहे. त्याला फक्त फाटलेली पोळी दिसली. काकूंनी वर्षानंतर चुलीवर पुरण चढवलं होतं हे फोटोत दिसत नव्हतं.

संध्याकाळी काकू ग्रुपमधून बाहेर पडल्या. मग कोणीतरी त्याला सांगितलं. त्याने घाबरून तो मेसेज पुसला आणि ग्रुपवर सगळ्यांना उद्देशून लिहिलं की, गंमत होती, कोणी मनाला लावून घेऊ नये. हे साठ जणांनी वाचलं. ज्यांच्यासाठी लिहायला हवं होतं त्या काकू तेवढ्या तिथे नव्हत्या. या गोष्टीला आता चार महिने झाले. दोन घरांचं जाणंयेणं थांबलं आहे. फोन अजून गेलेला नाही. 'आता इतके दिवसांनी काय बोलू?' असं तो म्हणतो.

आता परत अध्यायाकडे या. शाप ऐकल्यावर पोरं घाबरली. सांबाच्या पोटावरचं कापड सोडलं तर खरंच लोखंडी मुसळ! त्या क्षणी त्यांच्या मनात काय आलं? भागवत म्हणतं की, त्यांना आपल्या दुर्दैवाचं वाईट वाटलं आणि लोक आता आपल्याला काय म्हणतील याची धास्ती पडली. ऋषींचा आपण अपमान केला, हा विचार तिथे नाही. मग ते मुसळ उचलून राजसभेत गेले आणि उग्रसेन राजाला सगळं सांगितलं. राजाने मुसळाचं चूर्ण करून समुद्रात टाकायला सांगितलं. उरलेला लोखंडाचा तुकडाही फेकून दिला. कृष्णाला विचारल्याचा उल्लेख नाही, आणि ऋषींकडे परत गेल्याचाही नाही. पिंडारक काही फार लांब नव्हतं.

पोरं चुकीच्या दारात गेली, असं मला हा अध्याय वाचताना वाटतं. ज्याला लागलं त्याच्याकडे न जाता ती सभेकडे गेली, आणि सभेने पुरावा कुटून टाकला.

आपण आज हेच करतो. व्हॉट्सॲपवर २०१७ साली 'सर्वांसाठी पुसा' ही सोय आली तेव्हा मेसेज पुसायला सात मिनिटं मिळत. २०२२ पासून दोन दिवस आणि बारा तास मिळतात. सोय चांगली आहे, नावं ठेवत नाही. पण मेसेज पुसला म्हणजे बोललेलं परत घेतलं, असं आपल्याला वाटायला लागलं आहे. मुसळाच्या चूर्णाचं काय झालं? लाटांनी ते किनाऱ्यावर आणून टाकलं आणि तिथे एरका नावाचं, लव्हाळ्यासारखं गवत उगवलं. तुकडा माशाने गिळला, तो जरा नावाच्या व्याधाला मिळाला, त्याने बाणाच्या टोकाला लावला. पुढे तोच बाण देवाच्या पायाला लागला.

बाहेरच्या जगातलंही एक उदाहरण सांगते. जानेवारी २०१० मध्ये इंग्लंडमध्ये बर्फामुळे एक विमानतळ बंद पडला. मैत्रिणीला भेटायला निघायचं असलेल्या एका तरुणाने वैतागून ट्विटरवर थट्टेने लिहिलं की, आठवड्याभरात विमानतळ सुरू झाला नाही तर उडवून देईन. विमानतळाच्या लोकांनाही ही धमकी खरी वाटली नव्हती, तरी नियम म्हणून ती पुढे कळवली गेली. अटक झाली, नोकरी गेली, दंड आणि खर्च मिळून सुमारे १,००० पौंड भरण्याची शिक्षा झाली. जुलै २०१२ मध्ये वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. इथे माझं मन त्या तरुणाच्या बाजूचं आहे. ऐकणाऱ्यावरही काही जबाबदारी असते. बोलणारा कोण, कशावर वैतागला आहे, हे पाहायला नको? शब्द तेवढा उचलून शिक्षा देणं म्हणजे थट्टेला शापाने उत्तर देणं.

मग ऋषींचं काय? एवढे तपस्वी, पोरांच्या टवाळीवर एवढे चिडावेत? हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. भागवत सांगतं की, कुळाचा संहार व्हावा ही देवाचीच इच्छा होती, शाप हे निमित्त. समर्थ असूनही कृष्णाने तो फिरवला नाही. श्रद्धेने ते मान्य करते. पण माणसाच्या पातळीवर मला आपले नाथमहाराज जास्त जवळचे वाटतात. पैठणला गंगेवरून स्नान करून येताना एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकत राहिला आणि ते प्रत्येक वेळी न रागावता पुन्हा स्नानाला गेले, ही आख्यायिका लहानपणापासून ऐकलेली. ज्याला लागलं त्याने शाप दिलाच पाहिजे असं नाही. मात्र हे उदाहरण फक्त स्वतःला सांगायचं. दुखावलेल्या माणसाला 'नाथांसारखे व्हा' म्हणणं ही आणखी एक टवाळीच.

आणि नाथांना विनोदाचं वावडं मुळीच नव्हतं. भारुडं त्यांचीच. तीही सोंगंच आहेत. जोशी, वासुदेव, गोंधळी असे किती वेष त्यांच्या शब्दांनी घेतले! सांबानेही वेष घेतला आणि नाथांनीही. मग फरक कुठे? भारुडात हसणारा शेवटी स्वतःलाच हसतो, आणि सोंग शेवटी उतरवलं जातं. विंचवाच्या भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध, हे ऐकणाऱ्याला कळल्याशिवाय सांगणारा उठत नाही. आपला अर्थ पोचेपर्यंत तो तिथे उभा असतो.

फॉरवर्ड करणारा मात्र उभा राहत नाही. तो सोंग पुढे ढकलतो, आणि वाटेत कोणी त्याचा शेवटच कापून टाकतो. २०१८ साली मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा देशभर पसरल्या. त्यात फिरलेली एक चित्रफीत कराचीतल्या एका जागृती मोहिमेची होती. मोटारसायकलवरून मूल उचलतात, आणि शेवटी मूल परत आणून देऊन फलक दाखवतात की मुलांना जपा. ते नाटकच होतं. फलकाचा शेवट कापला गेला, उरलं ते अपहरण. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना अशाच अफवेवरून जमावाने मारून टाकलं. त्या दिवशी तिथल्या हातांमध्ये नेमकी कोणती अफवा होती यापेक्षा मला ते गवत आठवतं. प्रभासला यादव एकमेकांवर तुटून पडले तेव्हा त्यांनी किनाऱ्यावरचं जे गवत उपटलं, त्याचं मुठीत मुसळ झालं. महाभारताच्या मौसलपर्वात त्या भांडणाची सुरुवातही कशी झाली पाहा: सात्यकीने दारूच्या नशेत सगळ्यांसमोर कृतवर्म्याला हसून टोमणा मारला. कुळाच्या शेवटाची पहिली काडीही हसण्याची आणि शेवटचीही.

उद्या दुसरा अध्याय घेऊ. त्यात नारद वसुदेवांच्या घरी येतात, वसुदेव त्यांची पूजा करून भागवतधर्म विचारतात आणि नऊ योग्यांचं आख्यान सुरू होतं. हे नारद म्हणजे पिंडारकच्या त्या ऋषींमधलेच. आणि त्या अध्यायाची सुरुवातच अशी आहे की, कृष्णाच्या ओढीने नारद पुन्हा पुन्हा द्वारकेतच येऊन राहत असत.