दुसरी नजर

२३ मार्च १९१८, शनिवार. पहिलं महायुद्ध अजून पेटलेलंच होतं. उत्तर लंडनमधल्या वूड ग्रीन एम्पायर नाट्यगृहात रात्रीचा दुसरा खेळ शेवटाकडे आला होता. रंगमंचावर जादूगार चुंग लिंग सू उभा होता. अंगात भरजरी चिनी झगा, पाठीवर लांब वेणी, हातात चिनीमातीची बशी. समोर काही अंतरावर दोन साथीदार बंदुका रोखून उभे. प्रेक्षकांनी स्वतः तपासून खुणा केलेल्या गोळ्या त्या बंदुकांत ठासलेल्या. बार उडायचा, सू त्या गोळ्या हवेतल्या हवेत झेलल्यासारखं करून बशीत टाकायचा आणि नाट्यगृह टाळ्यांनी दणाणून जायचं. वर्षानुवर्षं हेच होत आलं होतं. त्या रात्री बार उडाला आणि सू कोसळला. गोळी उजव्या फुप्फुसातून गेली होती. ज्याच्या तोंडून रंगमंचावर कधी कुणी इंग्रजी ऐकलं नव्हतं तो माणूस स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, की काहीतरी विपरीत घडलंय, पडदा पाडा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं रुग्णालयात प्राण सोडला.

तो चिनी नव्हताच. विल्यम एल्सवर्थ रॉबिन्सन, जन्म १८६१, न्यूयॉर्कचा. उमेदीच्या काळात हॅरी केलर आणि अलेक्झांडर हर्मन या दोन मातब्बर जादूगारांच्या हाताखाली पडद्यामागची यंत्रं घडवणारा, अतिशय कुशल पण स्वतःच्या नावावर गर्दी न खेचणारा कलावंत. त्याच सुमारास चिंग लिंग फू हा अस्सल चिनी जादूगार अमेरिकेत गाजत होता. त्याचं खरं नाव झू लियानकुई. रॉबिन्सननं त्याचा पोशाख उचलला, त्याचे खेळ उचलले, नावही जवळपास तेच घेतलं आणि १९०० मध्ये युरोप गाठला. पत्रकार भेटायला आले की तो दुभाषा बसवायचा आणि कळत असलेले प्रश्न न कळल्यासारखे ऐकायचा. बायको डॉट हीदेखील रंगमंचावर ‘सुई सीन’ झाली. १९०५ मध्ये खरा फू लंडनला आला आणि त्यानं या तोतयाला जाहीर आव्हान दिलं. ते प्रकरण विरून गेलं आणि गर्दी नकली चिनी माणसाकडेच होत राहिली. जादूगार रंगमंचावर फसवतो तेव्हा तिकीट काढणाऱ्याला ते ठाऊक असतं, त्यात अप्रामाणिकपणा नाही. झू लियानकुईची फसवणूक मात्र वेगळी. त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्याची ओळख वापरून दुसरा श्रीमंत झाला. रॉबिन्सनच्या कौतुकात हा अन्याय झाकला जाऊ नये असं मला वाटतं.

तर असा माणूस गोळी लागून गेला. मग चर्चेला ऊत यायला कितीसा वेळ लागणार? कुणी म्हणालं, डोक्यावर कर्ज होतं, त्यानं स्वतःच स्वतःला संपवलं. कुणी त्याच्या घराकडे बोट दाखवलं, कारण डॉटपासून वेगळं असं त्याचं दुसरं घर होतं आणि तिथे तीन मुलं होती. कुणाला बायकोचा संशय आला, कुणाला साथीदारांचा. शंभर वर्षं उलटून गेली तरी हे तर्क मेलेले नाहीत. आपल्याकडेही माणूस अवचित गेला की तेराव्याच्या आत चार कहाण्या तयार असतात आणि त्या सांगणाऱ्यांपैकी एकालाही आपण कुणाच्या तरी विधवेबद्दल बोलतोय याचं भान नसतं.

मृत्यूच्या चौकशीत त्या बंदुका उघडल्या गेल्या. रॉबर्ट चर्चिल नावाच्या बंदुकांच्या जाणकारानं त्या तपासल्या. त्यानं सांगितलेलं नीट समजून घेण्यासारखं आहे. या जुन्या पद्धतीच्या ठासणीच्या बंदुका. नळीखाली गज ठेवायची आणखी एक बारीक नळी असते. रॉबिन्सननं आतून अशी रचना केली होती, की चाप ओढल्यावर ठिणगी मुख्य नळीत न जाता त्या खालच्या नळीतल्या नुसत्या दारूपर्यंत जावी. आवाज खरा, धूर खरा, आणि गोळी मात्र वरच्या नळीत जागच्या जागी. खेळ संपल्यावर ही न उडालेली गोळी आणि दारू काढायची असे. त्यासाठी तो नळीच्या मागच्या टोकाचा स्क्रू पिळून काढायचा, आतलं सगळं बाहेर ओतायचा आणि स्क्रू पुन्हा बसवायचा. दर खेळानंतर हेच. वर्षानुवर्षांच्या या उघडझापेनं स्क्रूचे आटे झिजले. त्या फटीत दारूचे बारीक कण साठत गेले. त्या शनिवारी ठिणगी या फटीतून वरच्या नळीत शिरली आणि जी गोळी कधीच सुटायची नव्हती ती सुटली.

अपघाती मृत्यू, असा निर्णय झाला. मला तो पटतो. लोकांना मात्र पटला नाही, कारण एवढा मोठा माणूस एवढ्याशा झिजलेल्या आट्यांमुळे जावा हे मनाला रुचत नाही. मोठ्या मरणाला मोठं कारण हवं असतं. कट हवा, सूड हवा, निदान निराशा तरी हवी.

पण मला या चौकशीतली दुसरीच बाब जास्त अस्वस्थ करते. त्या बंदुकांची साफसफाई, भरणं, रिकामं करणं, सगळं रॉबिन्सन एकटा करत असे. त्याचं कारण उघड आहे. गुपित फुटलं तर खेळ संपला. म्हणजे ज्यांच्या हाती तो बंदूक देत होता त्यांनाही तिच्या पोटात काय चाललंय ते नीट बघायची सोय नव्हती. एखाद्या साध्या बंदूकवाल्याच्या हातात ती वर्षातून एकदा गेली असती, तर त्यानं आट्यांवर बोट फिरवून लगेच सांगितलं असतं, की बाबा, हे आता बदल. ती दुसरी नजर रॉबिन्सननं स्वतःच आपल्या आयुष्यातून बाद करून टाकली होती. नाव खोटं, भाषा लपवलेली, घर लपवलेलं. लपवण्याची इतकी सवय जडलेल्या माणसाला बंदूक तेवढी दुसऱ्याला दाखवावी असं सुचणार तरी कसं?

ज्या कामांत जीव जाऊ शकतो, तिथे जगानं हा धडा बरीच किंमत मोजून घेतला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी पडताळणीची यादी आणली. सुरी लावण्याआधी सगळ्यांनी थांबायचं आणि रुग्णाचं नाव, शस्त्रक्रिया कोणती, शरीराचा भाग कोणता, हे मोठ्यानं बोलून घ्यायचं. कितीही नावाजलेला सर्जन असो. त्याच्या कौशल्याबद्दल शंका आहे म्हणून हे करत नाहीत. रोज तेच काम करणाऱ्याच्या डोळ्यांना झीज दिसेनाशी होते म्हणून करतात.

घरात मात्र आपण ही यादी लावत नाही. छातीत दुखतंय हे महिनोन्‌महिने न सांगणारे वडील, ‘उगाच काळजी करतील’ म्हणून कर्जाचा आकडा गिळून बसणारा मुलगा, रिपोर्ट कपाटातल्या साडीखाली सरकवणारी आई. यात लबाडी नसते, असते ती माया आणि थोडा मान. पण जे दाखवलंच नाही ते तपासणार कोण? आणि लपवणाऱ्याला बोल लावण्याआधी घरातल्या बाकीच्यांनीही स्वतःला विचारलं पाहिजे, की यांनी आपल्याला कधी काही सांगितलं असतं तर आपण ते शांतपणे ऐकून घेतलं असतं का? बऱ्याच घरांत उत्तर अवघड येईल.

रॉबिन्सनच्या मृत्यूनंतर जादूगार हॅरी हुडिनीच्या मनात हाच गोळी झेलण्याचा खेळ करायचं आलं होतं. त्याला अडवलं ते म्हाताऱ्या केलरनं, ज्याच्याकडे रॉबिन्सननं एकेकाळी काम केलं होतं. त्यानं पत्र लिहून निक्षून बजावलं, की यात घात होऊ शकतो, तू हा खेळ करू नकोस. हुडिनीनं कुणाचं ऐकण्याचे प्रसंग फार थोडे, पण हे ऐकलं.

आठ वर्षांनी केलर हयात नव्हता. ऑक्टोबर १९२६ मध्ये मॉन्ट्रियलला एका तरुणानं हुडिनीच्या पोटात ठोसे मारले. त्यानंतर डेट्रॉइटला जाताना वेदना असह्य झाल्या. डॉक्टरांनी अपेंडिक्सचं निदान करूनही तो १०४ अंश तापात गॅरिक थिएटरच्या रंगमंचावर उभा राहिला. शस्त्रक्रिया झाली तेव्हा अपेंडिक्स फुटून विष पोटभर पसरलं होतं, आणि ३१ ऑक्टोबरला तो गेला. ठोसे मारणाऱ्याचा हेतू काय होता यावर आजवर ढीगभर लिहिलं गेलंय. सोबतच्या माणसांना त्याचा ताप दिसत होता, दुखणं माहीत होतं. तरी ‘आज पडदा उघडायचा नाही’ असं त्याला ठणकावून सांगणारं त्या रात्री कुणी निघालं नाही.