आईची सावली

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ताई म्हणाली, "यंदा पैसे नकोत. ओवाळणीत तुझी लेक दे." भाचा मला मुलासारखा, मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क आमच्याकडे अजूनही मानतात. घरातली मुलगी घरातच राहील म्हणून सारे हरखले. माझ्या कादंबऱ्यांत अशा लग्नांचे गोड शेवट मीच लिहिले आहेत. तरी मी गप्प राहिलो आणि गावच्या देवराईत जाऊन बसलो.

रानात शेजारी उभी असलेली झाडे पुष्कळदा एकमेकांची सख्खी-चुलत असतात. जड बी आईच्या पायाशीच पडते. परागही बहुधा जवळच्याच झाडाचा येतो. अशा आप्तांचे मीलन झाले, की दोघांत दडलेला एकच दोष बीजात एकत्र येऊ शकतो. मग काही बिया पोचट निघतात, काही रोपे रोगट. म्हणून निसर्गाची केवढी खटपट! कोकमाचे नर झाड वेगळे, मादी वेगळी. धनेश पक्षी फळे खाऊन बिया दूर टाकतो.

शाळेत मी डार्विन शिकवतो. रोपांवर अकरा वर्षे प्रयोग करून १८७६ साली त्याने ग्रंथ लिहिला. फुलाला स्वतःचाच पराग मिळाला तर संतती बहुधा दुबळी होते, हे दाखवले. त्याच डार्विनने १८३९ साली मामाच्या मुलीशी, एमाशी, लग्न केले होते. दहा मुलांपैकी तीन लहानपणीच गेली. मुलांना आपले नाते तर भोवले नसेल, ही धास्ती त्याला होती.

ताई विचारते, "आपल्या घरात कुणाला काय झाले?" देवराईही हेच विचारील. आपल्याला दिसतात ते जगलेले वृक्ष. दुबळी रोपे केव्हाच मातीला मिळालेली असतात. आमच्या आजीचे लग्न आतेभावाशीच झाले. तिची दोन लेकरे पाळण्यातच गेली. कारण हेच होते, असे मी म्हणत नाही. अशा कित्येक घरांत मुले धडधाकट निपजतात. पण हिशेब करताना ती दोघे कुणीच मोजत नाही.

जवळ ठेवणे म्हणजेच माया का? आईच्या सावलीत रोप सुखरूप दिसते. पण ऊन मिळाल्याखेरीज ते वाढत नाही.

लेकीचे मन विचारून मी ताईला नकार कळवला. या भाऊबीजेला ती येईल की नाही, ठाऊक नाही. निरांजन मात्र घासून ठेवले आहे.